मोटार परत सुरू करण्याआधी

चोपडा तालुक्यातून एका धाकट्या भावाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात असं:

‘माझा मोठा भाऊ २७ वर्षांचा होता. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं भरतीच्या मागे पळाला, मग शेतीत उतरला. आबांची तीन एकर केळी त्यानं ठिबकवर आणली, टिश्यूची रोपं लावली. गेल्या वर्षी व्यापाऱ्याशी भाव करायला आबांऐवजी पहिल्यांदा तो बसला. सोळा दिवसांपूर्वी रात्री दीडला लाइट आली म्हणून विहिरीवर गेला. सकाळी स्टार्टरच्या पेटीजवळ पडलेला सापडला. पोलीस पाटलांनी पंचनामा करायला लावला, ग्रामीण रुग्णालयात पोस्टमॉर्टेम झालं. परवा गंधमुक्ती झाली. सातबारा आबांच्या नावावर आहे, त्यामुळे सरकारी मदत मिळणार नाही असं सगळे म्हणतात. वहिनी २४ वर्षांच्या, मुलगी तीन वर्षांची, दोघी सध्या माहेरी आहेत. काका म्हणतात, ती परत यायच्या आत हक्कसोडवर (जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर) सही घेऊन टाका. कृषी केंद्रवाला दादाच्या नावावरची उधारी मागायला येऊन गेला. आबा एकच बोलतात, “नशीबमा व्हतं ते व्हयनं.” बाग निसवतेय, म्हणजे घड बाहेर पडताहेत, आणि पाणी तुटलंय. पेटी तशीच आहे, आबांनी फक्त फ्यूज काढून ठेवलेत. अर्थिंग म्हणून पेटीखाली हातभर सळई ठोकलेली आहे. आई म्हणते, मोटारीला हात लावायचा नाही. मी काय करू?’

भाऊ, हे उत्तर छापण्याआधीच तुम्हाला पाठवलं आहे, कारण यातल्या दोन तारखा कोणासाठी थांबत नाहीत.

आबांचं ते वाक्य खोडायला जाऊ नका. त्यांना सध्या त्याचाच आधार आहे. पण तुम्ही त्यावर थांबू नका. नशीब म्हटलं की कागद गोळा करायचं कारण उरत नाही आणि पेटी उघडून बघायचंही. तुमच्या वर्णनावरून दादा पेटीतल्या एका बिघाडानं गेले असावेत. तो बिघाड अजून तिथंच आहे, आणि उद्या कोणी फ्यूज बसवला की पुन्हा तसाच उभा राहील.

आधी तारखा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. तुमच्याकडे पाच दिवस उरलेत. २१ दिवस उलटले तर ३० व्या दिवसापर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, त्यापुढे परवानग्या आणि जादा कागद, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. मृत्यू शेतात झाला असेल तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत. पण रुग्णालयात नेताना ‘मृत आणले’ असं लिहिलंय की ‘उपचारादरम्यान’, ते कागदावर बघा. उपचारादरम्यान असेल तर नोंद रुग्णालयाकडून होते. याच एका शब्दावरून ग्रामपंचायत आणि दवाखाना एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आठवडा जातो. दाखल्यावरचं नाव आधार आणि बँक पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते तिथं उभं राहूनच वाचा. वडिलांचं नाव एकीकडे ‘पंडीत’ आणि दुसरीकडे ‘पंडित’ असेल तर पुढच्या प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येतो. दाखल्याच्या निदान दहा प्रती घ्या.

दुसरी तारीख ३० दिवसांची, आणि इथं गावातले ‘सगळे’ चूक आहेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्यासाठी नाही. खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला कोणताही एक सदस्य, म्हणजे आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी एक जण, असे दोघे तीत धरले जातात. वयाची अट १० ते ७५. आबा खातेदार, दादा त्यांचा मुलगा, त्यामुळे दादा बसतात. पूर्वी हे काम विमा कंपनीमार्फत चालायचं. एप्रिल २०२३ पासून सरकार स्वतः सानुग्रह अनुदान देतं, हप्ता कोणी भरायचा नसतो. मृत्यूला २ लाख रुपये, एक डोळा किंवा एक हात-पाय निकामी झाला तर १ लाख. विजेचा धक्का, सर्पदंश, वीज पडणं, पाण्यात बुडणं, फवारणीची विषबाधा, रस्त्यावरचा अपघात हे सगळं त्यात येतं. नैसर्गिक मृत्यू आणि आत्महत्या येत नाहीत.

प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा, मंजुरी तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. लागतं ते असं: आबांचा सातबारा, मृत्यूचा दाखला, दादांच्या वयाचा पुरावा (शाळा सोडल्याचा दाखला चालतो), अकस्मात मृत्यूच्या नोंदीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा अहवाल, वारसांबाबत तलाठ्याचा कागद, दादा त्याच घरातले होते हे दाखवायला शिधापत्रिका, आणि वहिनींच्या बँक खात्याचं पासबुक. तलाठ्याच्या पाटीवर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं असेल, माणूस तोच.

पोस्टमॉर्टेमचा अहवाल यायला वेळ लागतो आणि बहुतेक प्रस्ताव तिथंच कुजतात. लोक ‘सगळे कागद झाले की देऊ’ म्हणून थांबतात आणि तीस दिवस उलटतात. तसं करू नका. जे हाती आहे ते घेऊन अर्ज द्या, राहिलेला कागद नंतर देतो असं अर्जातच लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि सही असलेली पोच घ्या. पोच न घेता दिलेला अर्ज हरवला तर तो तुम्ही दिलाच नव्हता असं धरलं जातं. पोलीस ठाण्यात एफआयआर नाही म्हणून गोंधळू नका. अशा मृत्यूत अकस्मात मृत्यूची नोंद होते, तिचा क्रमांक घ्या.

या रकमेवर पहिला हक्क पत्नीचा आहे. योजनेतला वारसांचा क्रमच पत्नी, मग अविवाहित मुलगी, मग आई, मग मुलगा, मग वडील असा आहे. अर्ज वहिनींच्या सहीनं जाईल आणि पैसे वहिनींच्या खात्यात पडतील. काकांना हे आजच सांगितलेलं बरं.

मग पासबुकं. दादांच्या प्रत्येक बँक खात्याची मागच्या मे-जूनपासूनची नोंद भरून घ्या आणि दोन आकडे शोधा: २० रुपये आणि ४३६ रुपये. २० रुपये कापले असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. ४३६ कापले असतील तर जीवन ज्योती विमा, कारण कोणतंही असो, आणखी २ लाख. बऱ्याच घरांत हे पैसे कापले गेल्याचं कोणाला माहीतच नसतं, कारण खातं उघडताना फॉर्मवर सही घेतलेली असते. दावा बँकेच्या शाखेतच द्यायचा, तोही तीस दिवसांच्या आत दिलेला बरा. रुपे कार्ड असेल तर त्यावरही अपघात विमा असतो, पण त्याला अपघाताआधीच्या ठरावीक दिवसांत (जनधन खात्याच्या कार्डाला ९०) कार्ड वापरलेलं असावं लागतं. म्हणून एटीएमची शेवटची नोंद कधीची आहे, तेही बघा. आणि दादांचं सिमकार्ड बंद करू नका. बँकेचे मेसेज, ओटीपी, महावितरणचे मेसेज सगळं त्याच नंबरवर येतं. वर्षभर छोटा रिचार्ज मारत राहा.

आता पेटी. तुम्ही ती तशीच ठेवलीत हे चांगलं झालं. बदलायची घाई करू नका. विजेच्या अपघाती मृत्यूची चौकशी विद्युत निरीक्षक करतात. हे शासनाचं वेगळं कार्यालय आहे, महावितरणचं नाही. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी कळवा, त्याची प्रत विद्युत निरीक्षकांना द्या, दोन्हीकडून पोच घ्या. चौकशीत दोष खांबावर, तारेत, रोहित्रावर किंवा मीटरपर्यंतच्या वायरीत निघाला तर महावितरणकडे नुकसानभरपाईचा दावा होतो. मीटरच्या पुढे, तुमच्या पेटीत निघाला तर तो मार्ग बंद होतो, पण वरचे दोन्ही मार्ग चालूच राहतात. निरीक्षक येईपर्यंत पेटीचे फोटो काढून ठेवा: आतून, बाहेरून, सळई, वायर पेटीत शिरते ती जागा, खालची जमीन. फोटो काढताना पेटीला हात लावायचा नाही. फ्यूज नेमके कुठले काढले ते आधी विचारा. स्टार्टरमधले काढले असतील तर पेटीत येणारी वायर लाइट आल्यावर जिवंतच असते.

नेमकं काय झालं असावं, ते सांगतो. निरीक्षकांचा अहवाल येईल तेव्हा त्याच्याशी ताडून बघा. पत्र्याच्या पेटीला खालून किंवा बाजूनं भोक पाडून वायर आत घेतलेली असते. त्या भोकाला रबराची कडी नसते. मोटार सुरू होताना कॉन्टॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधला चुंबकी स्विच, खाडकन ओढला जातो, पेटी थरथरते, आणि पत्र्याची धार दर वेळी वायरीचं रबर रेषभर कातरते. तीन-चार वर्षांत तांबं पत्र्याला टेकतं. कधी उंदीर हे काम लवकर करतात. त्या दिवसापासून अख्खी पेटी जिवंत.

अर्थिंग नीट असती तर? इथं थोडं गणित करा. एका फेजचा जमिनीशी दाब २३० व्होल्ट. काळ्या मातीत ठोकलेल्या हातभर सळईचा रोध ४० ओहमच्या आसपास धरा, रोहित्राच्या अर्थिंगचा ५. २३० भागिले ४५ म्हणजे जेमतेम ५ अँपिअर. पाच एचपीच्या मोटारीला चालू असताना साडेसात अँपिअर लागतात, म्हणून फ्यूज १५-२० अँपिअरचा घालतात, आणि खरं म्हणजे बऱ्याच पेट्यांत तिथं जाड तारच गुंडाळलेली असते. पाच अँपिअरनं काहीही उडत नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे जादा भार आला की मोटार बंद करणारा भाग, तोही नाही, कारण दोष रिलेच्या आधीच्या वायरीत आहे. पेटीवर २०० व्होल्ट तसेच बसून राहतात. वाळलेल्या जमिनीवर, चप्पल घालून उभ्या असलेल्या माणसाला मुंग्या येतात आणि तो ‘पेटी करंट मारतेय’ म्हणून सोडून देतो. तुमच्याकडे कोणी आधी असं म्हणालं होतं का, आठवा. पेटीखालची जमीन ओली, पाय उघडे, हात ओला असेल तर शरीराचा रोध साधारण १००० ओहमवर येतो. २०० व्होल्टला २०० मिलिअँपिअर. हाताचे स्नायू आवळले जाऊन वायर सुटेनाशी होते ती दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच, आणि ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेले की हृदयाची लय तुटते.

म्हणून दोन गोष्टी लागतात आणि एकीनं दुसरीचं काम होत नाही. पहिली, खरी अर्थिंग. दोन स्वतंत्र खड्डे, एकमेकांपासून निदान ५ मीटर अंतरावर. प्रत्येकात ४० मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. प्रत्येक खड्ड्यातून आठ नंबरची जीआय तार वेगळी आणायची आणि मोटारीच्या बॉडीला व पेटीला नटबोल्टनं कसायची, पिळून गुंडाळायची नाही. गंज चढला की पिळलेला जोड नावालाच उरतो. आपली काळी जमीन चैत्र-वैशाखात भेगाळते, पाइप आणि माती यांत फट पडते, तेव्हा आठवड्यातून एकदा नरसाळ्यात बादलीभर पाणी गेलं पाहिजे. ठिबकची एक नळी तिथं सोडली तर विसरायचा प्रश्नच नाही.

दुसरी, गळती पकडणारा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा, चार पोलचा, ४० अँपिअर क्षमतेचा. तीन फेजमधून गेलेला करंट परत त्याच वायरींतून आला नाही, थोडा जमिनीत गेला, की हा क्षणात लाइन तोडतो. तो कुठं बसतो हे महत्त्वाचं. स्टार्टरच्या पेटीतच बसवला तर पेटीत शिरणारी वायर त्याच्या आधीच राहते, म्हणजे दादांच्या बाबतीत जिथं दोष असावा तीच जागा उघडी. तो वेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या पेटीत, स्टार्टरच्या आधी बसवा. सोबत एमसीबी, म्हणजे जादा करंटला पडणारा साधा ब्रेकर, लागते, कारण आरसीसीबी शॉर्ट सर्किटवर किंवा जादा भारावर काम करत नाही. पंपाच्या लाइनला न्यूट्रल नसेल तर त्याचं टेस्ट बटण बहुधा चालत नाही. मग वायरमनकडून महिन्यातून एकदा जुन्या काचेच्या १५ वॉटच्या बल्बनं तपासून घ्या. त्याच्या पुढच्या बाजूचा एक फेज आणि अर्थिंगची तार यांत तो जोडला की ६५ मिलिअँपिअर गळती होते, ब्रेकर लगेच पडला पाहिजे. बल्ब पेटून राहिला तर ब्रेकर बाद. हे वायरमननंच करायचं, तुम्ही नाही.

बसवल्यावर तो सारखा पडायला लागेल असं धरून चाला. तेव्हा कोणीतरी शहाणा म्हणेल, ‘ही कटकट काढून डायरेक्ट कर.’ तो पडतोय कारण विहिरीत सोडलेल्या केबलच्या जोडात पाणी शिरलंय किंवा मोटारीचं वाइंडिंग ओलं झालंय. ५०० व्होल्टच्या मेगरनं मोटार आणि केबलचं इन्सुलेशन मोजून घ्या, एक मेगओहमच्या खाली आलं तर जोड नवा करा किंवा मोटार भरायला टाका. डायरेक्ट करू नका. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याच्या सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल ठेवा.

नवी पेटी पत्र्याची नको, फायबरची घ्या. छातीइतक्या उंचीवर, वर छपराचा पत्रा, वायर आत घेताना ग्लँड, म्हणजे भोकात वायर घट्ट धरणारी कडी. पेटीपुढे वीतभर उंच विटांचा ओटा, त्यावर रबरी मॅट. ओटा नेहमी कोरडा राहावा म्हणून डिलिव्हरी पाइपची गळती आधी बंद करा. कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटार चालवायची सोय जुन्या पेटीत असेल तर ती नव्यात येऊ देऊ नका. लाइट गेल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो आणि मेन बंद आहे म्हणून हात घालणाऱ्याला तो झटका देतो. टेस्टरवर भरवसा ठेवायचा तर एवढाच: पेटला तर जिवंत, नाही पेटला तर काहीच सिद्ध होत नाही.

एवढं झालं की आईंचा प्रश्न येतो, आणि त्या अर्ध्या बरोबर आहेत. मोटारीला हात लावायचा, पण रात्री दीडला नाही. हिशेब करा. तीन एकरात सुमारे ४,५०० झाडं. निसवणीच्या या दिवसांत झाडाला रोज २० लिटर धरले तर ९०,००० लिटर लागतात. साठ-सत्तर फुटांच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटार ठिबकचा दाब सांभाळून ताशी साधारण १५,००० लिटर देते. सहा तास. तुमच्या फीडरला पाळीनं मिळणारे आठ तास दिवसाचे असोत की रात्रीचे, पुरतात. दिवसपाळीच्या आठवड्यात अडचणच नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात व्हॉल्व संध्याकाळी उजेडात उघडून ठेवा आणि मोटार मोबाइल स्टार्टरनं घरातून चालू-बंद करा. सहा तासांचा टायमर लावा. फिल्टर सकाळी धुवा. रात्री एक फेज कमी असला तर मोटार जळू नये म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. लाइट आली की आपोआप सुरू करणारा साधा ऑटो स्विच मात्र नको. तुम्ही पंपाचं काम करायला विहिरीत उतरलेले असाल आणि लाइट आली, तर तो विचारत नाही. गावातले सगळे पंप एका क्षणी सुरू होऊन रोहित्र जळतं, तेही याच ऑटोमुळे. पंपावर काम असलं की मेन बंद, एमसीबी बंद, आणि त्या पेटीला कुलूप लावून किल्ली खिशात.

पुढचं घरातल्या प्रत्येकाला, वहिनींनाही, माहीत असू द्या. कोणी चिकटलेला दिसला तर आधी मेन बंद. जमत नसेल तर वाळलेल्या बांबूनं किंवा लाकडानं वायर दूर करा. केळीचं खांब, ओली काठी, लोखंडी पाइप कधीच नाही. खांबावरच्या डीओला (वरच्या लाइनच्या फ्यूजला) हात लावायचा नाही, १९१२ वर फोन करून लाइन बंद करायला सांगा. माणूस सुटला आणि श्वास नसेल तर १०८ ला कळवून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, गाडी येईपर्यंत. गरम वाळूत पुरणं, तोंडात पाणी घालणं यात जी मिनिटं जातात ती परत येत नाहीत. आणि विहिरीवर रात्री एकट्यानं जायचं नाही, हे आबांनाही लागू.

आता काका आणि ती सही. आम्ही स्पष्टच लिहितो: ही सही घेऊ नका. चांगुलपणाचा भाग बाजूला ठेवला तरी तिचा उपयोग नाही. हक्कसोड नोंदणीकृत लागतं, स्टँप पेपरवर घरात घेतलेल्या सहीला अर्थ नाही. मुलगी अज्ञान (अल्पवयीन) आहे, तिचा हिस्सा तिची आईसुद्धा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडू किंवा विकू शकत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दादांचा त्यातला हिस्सा त्यांची पत्नी, मुलगी आणि आई यांना सारखा जातो. आबांना त्यातून काही मिळत नाही, तुम्हालाही नाही. जमीन आबांनी स्वतः घेतलेली असेल तर आज कोणाचाच हक्क नाही, पण आबांच्या मागे मृत्युपत्र नसेल तर दादांची पत्नी आणि मुलगी त्यांच्या जागी वारस म्हणून उभ्या राहतात. वहिनींनी उद्या दुसरं लग्न केलं तरी आधीच मिळालेला हिस्सा जात नाही. काका बहुधा याच भीतीनं घाई करताहेत. (आदिवासी कुटुंबांना हा कायदा तसाच लागू होत नाही. पावरा, भिल्ल वाचकांनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारावं, तिथं वकील मोफत मिळतो.)

कृषी केंद्राच्या उधारीचंही तसंच. मृताच्या कर्जाला वारस बांधील असतात ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. दुकानदाराकडून बिलांच्या प्रती मागा, त्या औषध-खतांपैकी याच बागेला काय लागलं ते बघा, आणि माल कापल्यावर देऊ असं तोंडी सांगा. वहिनींना कोणत्याही नव्या कागदावर सही करू देऊ नका.

वहिनींसाठी आणखी दोन-तीन ठिकाणं आहेत. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये. संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १,५००, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे आणि लाडकी बहीणचे पैसे चालू असतील तर दोन्ही सोबत मिळत नाहीत. या दोन्हींचा अर्ज तहसील कार्यालयात. मुलीसाठी बालसंगोपन योजना, दरमहा २,२५०, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. तिच्यासाठी वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला लागतो. दोन लाख आले की त्यातले थोडे मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात टाकावेत, वर्षाला किमान २५० भरले तरी ते चालू राहतं. पण काय करायचं ते वहिनी ठरवतील.

त्यांना फोन तुम्ही किंवा काकांनी न करता आईंनी करावा. ‘अर्जावर तुझी सही लागते, पैसे तुझ्या खात्यात येतील, पासबुक घेऊन ये,’ एवढंच. माहेरहून भाऊ किंवा वडील सोबत आले तर त्यांच्यासमोरच सगळे कागद करा. मुलगी शाळेत कुठं जाणार, त्या कुठं राहणार, हे आता विचारू नका. तीस दिवसांच्या कामात त्याची गरज नाही.

आबांचं शेवटी लिहितोय, पण लक्ष आधीपासून ठेवा. ते जेवतात का, झोपतात का, बागेत एकटे किती वेळ बसतात, ते बघा. फवारणीची औषधं गोठ्यातून काढून कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. ते बोलायला तयार झाले, किंवा तुम्हालाच कोणाशी बोलावंसं वाटलं, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. त्यांना कामही द्या: अर्थिंगचे खड्डे खणायला मजूर लावायचे आहेत, विटांचा ओटा बांधून घ्यायचा आहे. गवंडी तुमच्यापेक्षा त्यांच्या ओळखीचे असतील.